घरच्या बीपीपासून सुरुवात: ज्येष्ठांना खरोखर वापरता येईल असे आरोग्य-तंत्रज्ञान कसे घडवावे

ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्याचे ॲप किंवा उपकरण तयार करायचे म्हटले की बैठकीत पहिला निर्णय होतो तो अक्षरे मोठी करण्याचा, आणि पुष्कळदा तोच शेवटचाही ठरतो. अक्षरे मोठी हवीतच. पण घरी रक्तदाब मोजण्याचे साधे काम घेतले, तरी यंत्र कपाटातून काढण्यापासून आकडा डॉक्टरांच्या नजरेस पडेपर्यंत ज्या दहा-बारा क्रिया कराव्या लागतात त्यांतल्या दोन-तीनच पडद्यावर घडतात, आणि काम अडते ते बहुधा उरलेल्या क्रियांत. म्हणून या मार्गदर्शकात पडद्याची पाळी मध्यावर येते. त्याआधी घर, माणसे आणि दिवसाचे वेळापत्रक येते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दवाखान्याला आपल्या साठीपुढच्या रुग्णांसाठी गोळ्यांची आठवण आणि बीपी-शुगरची नोंद अशी छोटी व्यवस्था हवी आहे, असे समजू. या रुग्णांत यंत्रमागावर उमेदीची वर्षे घातलेले कामगार आहेत, लक्ष्मी-विष्णू किंवा नरसिंग गिरजी गिरणीतून बाहेर पडलेले आहेत, अजूनही सकाळी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया आहेत आणि निवृत्त शिक्षकही आहेत. कुणाच्या घरात तेलुगू बोलली जाते, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी उर्दू, आणि बाजारात व दवाखान्यात सगळ्यांची मराठी. इथे टिकेल अशी रचना महाराष्ट्रातल्या इतर शहरांत थोड्या बदलाने टिकेल असे माझे मत आहे. पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात बसून केलेल्या रचनेबद्दल तसे म्हणवत नाही.

पहिली पायरी: एकच काम घ्या आणि त्याची साखळी कागदावर उतरवा

आहार, चालणे, झोप, डॉक्टरांची वेळ, तपासण्यांचे अहवाल असे सगळे एकाच ॲपमध्ये कोंबण्याचा मोह आधी आवरावा. एक काम निवडावे आणि ते आज कसे होते याची पायरी-पायरीने नोंद करावी. बीपी मोजण्याची साखळी अशी दिसते: मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू किंवा मिश्री टाळायची; लघवीला जाऊन यायचे; पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसायचे; उघड्या दंडावर पट्टा बांधायचा; हात हृदयाच्या पातळीला आणायचा; बटण दाबून न बोलता थांबायचे; एका मिनिटाने पुन्हा मोजायचे; दोन्ही आकडे लिहायचे; आणि ते कुणाला तरी दाखवायचे.

आता प्रत्येक कडीसमोर घरातली अडचण लिहावी. यंत्रासोबत येणाऱ्या चित्रात माणूस टेबलाशी खुर्चीवर बसलेला असतो. आपल्या रुग्णाच्या घरात टेबल नाही आणि बसण्याची सवय जमिनीवर मांडी घालून आहे. अशा बैठकीत हात मांडीवर, म्हणजे हृदयाच्या खाली राहतो आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. त्यामुळे आपल्या चित्रात पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसलेली, पाय जमिनीला लागलेली आणि कोपराखाली घडी घातलेली चादर घेतलेली व्यक्ती दाखवावी. सोलापुरात चादरीला तोटा नाही. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की ती दंडाला आवळते, म्हणून हेही चित्रात यावे. पट्टा दंडाच्या घेरापेक्षा लहान असला तरी आकडा फुगतो. दंडाचा घेर पहिल्याच भेटीत दवाखान्यात मोजून योग्य मापाचा पट्टा देणे हा रचनेचाच भाग आहे, जरी त्यात एक ओळही प्रोग्राम लिहावा लागत नसला तरी.

साखळीच्या शेवटी एक प्रश्न विचारावा: हा आकडा आल्यावर कोण काय वेगळे करणार? उत्तर नसेल, तर तो आकडा मागूच नये. ज्येष्ठ माणसे शिस्तीची असतात. सांगितले तर रोज चार वेळा मोजतील, वही भरतील, आणि ती वही कुणी उघडलीच नाही असे लक्षात आले की यंत्र पुन्हा कपाटात जाईल.

दुसरी पायरी: घरी जा, आणि प्रश्नांऐवजी वस्तू पाहा

“तुम्ही स्मार्टफोन वापरता का?” या प्रश्नाला मिळणारे “हो” फारसे उपयोगाचे नसते. त्याऐवजी “तुमच्या गोळ्या दाखवता का?” असे म्हणावे आणि समोर येईल ते शांतपणे पाहावे. बहुधा एक प्लास्टिकची पिशवी येते. तिच्यात औषधाच्या दुकानातून कापून आणलेल्या पाकिटांचे तुकडे असतात. कापताना औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते. मागच्या महिन्यात गुलाबी असलेली गोळी या महिन्यात पांढरी असते, कारण घटक तोच असला तरी कंपनी बदललेली आहे. अशा घरात “ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम घ्या” असा संदेश वाचून नेमकी कोणती गोळी उचलायची हे कळत नाही. गोळीचे छायाचित्र दाखवायचे ठरवले, तर दर महिन्याला औषध घेतल्यावर ते बदलण्याची जबाबदारी कुणाची हेही ठरवावे लागते. जुने छायाचित्र तसेच राहिले तर ते नसण्यापेक्षा धोक्याचे. आमच्या उदाहरणात हे काम दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे द्यावे, रुग्णाकडे नको.

फोन कुणाचा, सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करतो आणि संपल्यावर किती दिवस तसाच राहतो, दिवसा तो घरात असतो की मुलासोबत कामावर जातो, चार्जर कुठे लावतात, हेही पाहून घ्यावे. वेळापत्रकाची विचारपूस करताना घड्याळाऐवजी दिवसातल्या घटना विचाराव्यात. “सकाळी आठ वाजता” हे आपल्या सोयीचे असते. त्यांच्या दिवसात पाणी येण्याची वेळ, भाकरी, विड्या कारखान्यावर देऊन येणे आणि संध्याकाळची मालिका यांनी वेळ ठरते. जेवणाआधीची गोळी आठ वाजता आठवून उपयोग नाही, जर त्या घरात जेवण अकराला असेल.

उपवासांचे वेगळे पान करावे. पंढरपूर जवळ असल्याने एकादशी पाळणारे पुष्कळ, आणि रमजानचे रोजे धरणारेही पुष्कळ. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्या दिवशी काय करायचे हे डॉक्टरांनी आधीच ठरवून दिलेले असावे आणि आठवण करणाऱ्या यंत्रणेला तो दिवस माहीत असावा. रोजच्यासारखाच “जेवलात का? गोळी घ्या” असा फोन एकादशीला आला, तर माणूस एक तर गोळी उपाशीपोटी घेतो किंवा यंत्रणेला काही कळत नाही असे ठरवून मोकळा होतो.

तिसरी पायरी: दुसरा वापरकर्ता कोण, हे मोकळेपणाने ठरवा

ज्येष्ठांचा फोन बहुधा दोन माणसे चालवतात. घरातली सून किंवा नात बटणे दाबून देते, आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा लांबून लक्ष ठेवू पाहतो. रचनेत या दोघांना जागा दिली नाही तर ते पासवर्ड घेऊन मागच्या दाराने आत येतात, आणि मग नोंद कुणी केली हे कळेनासे होते. त्यामुळे मदतनीसाचे खाते वेगळे ठेवावे, प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी केली हे दिसावे, आणि मदतनीस काय पाहू शकतो ते ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः ठरवावे.

इथे माझे मत ठाम आहे: प्रत्येक आकडा मुलाला पाठवू नये. बीपी दिवसभरात वरखाली होतच असते, एकेका आकड्यावरून फोन येऊ लागले की “काल परत लोणचं खाल्लंस ना?” अशी उलटतपासणी सुरू होते आणि आई मोजायचे सोडते, किंवा आकडा बदलून सांगते. डॉक्टरांनी त्या रुग्णापुरती ठरवलेली मर्यादा ओलांडली, किंवा सलग काही दिवस नोंदच नाही, एवढ्याच वेळी कळवावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. कायद्याचे पान भाषांतरित केले म्हणजे संमती मिळाली असे मात्र समजू नये. “तुमचे बीपीचे आकडे डॉक्टरांना दिसतील. मुलाला दिसावेत का?” असे दोन वाक्यांत तोंडी विचारावे, आणि “नको” म्हणणाऱ्याला बाकीची सेवा तशीच मिळावी.

चौथी पायरी: ॲप करायचेच का, ते आता ठरवा

हा निर्णय इथपर्यंत लांबवला कारण तो घर पाहिल्याशिवाय घेता येत नाही. साध्या बटणांच्या फोनवर येणारा आवाजी कॉल, व्हॉट्सॲपवरचा बोललेला संदेश आणि दवाखान्याचे छापील कार्ड एवढ्यावर आमच्या उदाहरणातल्या बहुतेक रुग्णांचे भागेल. ॲप मदतनीसासाठी आणि दवाखान्यासाठी करावे; ज्या ज्येष्ठांना हवे त्यांनाही ते द्यावे, पण ते नाही म्हणून कुणाची नोंद अडू नये. कागदी कार्ड कोणत्याही परिस्थितीत काढून टाकू नये, कारण रात्री अचानक सिव्हिल हॉस्पिटलला न्यावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना आपले ॲप उघडून दाखवायला कुणी थांबत नाही.

पाचवी पायरी: पडदा

वय वाढते तशी बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने ढोबळमानाने एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर प्रकाश पसरून चमक वाढते. त्यामुळे हल्ली आवडणारी पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे इथे पूर्ण बाद. वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ आणि वरच्या पातळीसाठी ७ : १ असे प्रमाण सांगितले आहे, ज्येष्ठांसाठी ७ : १ हीच किमान धरावी. निळा-हिरवा आणि निळा-जांभळा हे रंग पिवळसर भिंगातून एकमेकांत मिसळतात, म्हणून सकाळची गोळी निळ्यात आणि रात्रीची जांभळ्यात दाखवण्याची कल्पना कितीही सुंदर दिसली तरी सोडून द्यावी. सूर्य आणि चंद्राचे चित्र, आणि शेजारी शब्द, हे चालते. रंग अर्थाला जोड म्हणून असावा. सगळा अर्थ त्याच्यावर टाकू नये.

देवनागरीची स्वतःची मागणी आहे. इंग्रजी अक्षरांसाठी ठरवलेल्या ओळींच्या अंतरात मराठी मजकूर घातला की वरची वेलांटी, मात्रा आणि रफार कापले जातात किंवा वरच्या ओळीच्या उकाराला भिडतात. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून जास्त ठेवावे, जोडाक्षरे स्पष्ट दिसणारा नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा साधा टंक घ्यावा, आणि फोनमध्ये अक्षरे सर्वांत मोठी केल्यावरही बटणावरचा शब्द अर्धवट तुटत नाही हे स्वतः तपासावे. “औषधांचे वेळापत्रक” हे बटणावर मावत नसेल तर अक्षर लहान न करता “गोळ्या” असे लिहावे.

अंकांचा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. बीपीचे यंत्र आणि ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजण्याचे यंत्र, आंतरराष्ट्रीय अंक (1, 2, 3) दाखवतात. ॲपमध्ये देवनागरी अंक असतील तर माणसाला एका लिपीतून दुसरीत उतरवून घ्यावे लागते, आणि देवनागरीतला ५ हा आंतरराष्ट्रीय चारसारखा दिसत असल्याने नेमकी तिथेच गफलत होते. यंत्रावरचा आकडा जसा दिसतो तसाच भरण्याच्या जागेत दिसावा. लेखी सूचनांत मात्र देवनागरी अंक ठेवायला हरकत नाही.

बोटांकडे येऊ. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार दाबायच्या जागेची बाजू ४८ डीपी (डीपी हे पडद्यावरच्या मापाचे एकक), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी. हात थरथरणाऱ्या किंवा सांधे आखडलेल्या माणसासाठी मी ती १४-१५ मिलिमीटरपर्यंत नेईन आणि दोन बटणांत चांगली मोकळी जागा सोडेन. आणखी एक अडचण आमच्या शहरात ठळक आहे: विडी वळून किंवा सूत हाताळून बोटांची टोके घट्ट आणि कोरडी होतात, आणि स्पर्शाचा पडदा बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत-बदलावर चालत असल्याने अशा बोटाचा स्पर्श कधी कधी त्याला कळतच नाही. मग माणूस जोर देतो, बोट धरून ठेवतो, आणि फोन त्याला “लांब दाब” समजून भलतेच काही उघडतो. लांब दाब, दोनदा टिचकी, बाजूला सरकवणे, दोन बोटांनी मोठे करणे, या सगळ्या क्रियांना आवश्यक कामांतून रजा द्यावी. एक पडदा, एक प्रश्न, दोन मोठी बटणे, आणि परत जाण्याची जागा नेहमी तीच.

याच कारणाने बोटाच्या ठशावर प्रवेश ठेवू नये. निवृत्तिवेतनधारकांच्या जीवन प्रमाण दाखल्यासाठी ठशांबरोबर चेहऱ्याच्या पडताळणीची सोय करावी लागली, यातून जो धडा घ्यायचा तो हाच. ओटीपीचे तर आणखी विचित्र आहे. बँकेपासून नातवापर्यंत सगळे ज्येष्ठांना बजावत असतात की ओटीपी कुठेही द्यायचा नाही, आणि आपले ॲप उघडल्या उघडल्या तोच मागते. जी व्यक्ती तिथे थांबते ती शहाणी आहे असेच म्हणावे लागेल. प्रवेशाची व्यवस्था दवाखान्यात, ओळखीच्या माणसासमोर एकदाच करावी आणि नंतर त्या फोनवर पुन्हा विचारू नये. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक, घ्यायचा असेल तर त्याचे १४ आकडे टंकायला लावू नयेत. कार्डावरचा क्यूआर कोड कंपाउंडरने वाचून घ्यावा.

सहावी पायरी: आवाज

वयोमानाने श्रवण कमी होते ते आधी उंच पट्टीतले. मागाच्या शेडमध्ये किंवा गिरणीत वर्षानुवर्षे खडखडाट ऐकलेल्या कानांना ४००० हर्ट्झच्या आसपास वेगळा मार बसलेला असतो. छोट्या उपकरणांतले भोंगे साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्टीत वाजतात. म्हणजे थर्मामीटरची किंवा ग्लुकोमीटरची “टीं टीं” नेमकी जिथे कान उणा तिथेच पडते. काखेत थर्मामीटर धरून दहा मिनिटे बसून राहिलेले आजोबा हट्टी नसतात, त्यांना ते वाजल्याचे ऐकूच आलेले नसते. इशारा ५०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचा, थोडा लांब आणि तुटक ठेवावा, सोबत कंप आणि ठळक प्रकाश असावा. आवाज मोठा करणे हा एकमेव उपाय नव्हे. शेजारच्यांना त्रास होतो म्हणून मग तो बंदच केला जातो.

बोलक्या सूचनांसाठी खालच्या पट्टीतला, सावकाश आणि मागे संगीत नसलेला खराखुरा माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. एका दमात एकच गोष्ट सांगावी आणि “पुन्हा ऐका” हे बटण किंवा आकडा कायम असावा. आकडे वाचून दाखवताना “एकशे सदुसष्ट” असे म्हटल्यावर मागून “म्हणजे एक, सहा, सात” असे सुटे अंकही म्हणावेत, कारण सात आणि साठ, सदुसष्ट आणि अडुसष्ट हे कमी ऐकणाऱ्या कानाला एकसारखे लागतात.

भाषेची निवड करताना सोलापुरात हमखास होणारी एक गल्लत टाळावी. घरी तेलुगू बोलणारे सगळेच तेलुगू वाचतात असे नाही. ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्यांना वाचायला मराठी आणि ऐकायला तेलुगू सोयीची असते. म्हणून “भाषा निवडा” असा एकच प्रश्न न विचारता ऐकण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा अशा दोन निवडी ठेवाव्यात. बोलून उत्तर देण्याची सोय आकर्षक असली, तरी एका वाक्यात तीन भाषा मिसळणारे आमचे बोलणे यंत्राला भरवशाने कळेल असे गृहीत धरू नये. आकडे दाबून उत्तर देण्याचा मार्ग सोबत हवाच.

सातवी पायरी: संदेशांची भाषा

“कृपया आपल्या रक्तदाबाची नोंद अद्ययावत करा” हे वाक्य शुद्ध असूनही घरात कुणी असे बोलत नाही. “आजचं बीपी मोजलं का? मोजलं असेल तर एक दाबा” हे कळते. शुगर, बीपी, गोळी, उपाशीपोटी, जेवल्यावर हे शब्द लोकांचे आहेत, तेच घ्यावेत. चिठ्ठीवरचे १-०-१ डॉक्टर आणि औषध दुकानदाराला कळते. आपल्या यंत्रणेने “सकाळी एक, रात्री एक” असे म्हणावे.

संबोधन “तुम्ही” असावे, आणि आजी-आजोबा म्हणणे यंत्राने टाळावे. बासष्टाव्या वर्षी रोज बाजारातून पिशवी उचलून आणणाऱ्या बाईंना फोनने आजी म्हटलेले आवडेलच असे नाही. आकडा जास्त आला तर पडदा लाल करून “धोका!” असे ओरडू नये. घाबरल्यावर पुन्हा मोजलेले बीपी आणखी वर जाते.

आठवी पायरी: चूक होणार हे धरून रचना करा

१३८ ऐवजी १३८० भरले गेले तर “अवैध नोंद” असे म्हणून सगळे पुसून टाकणे हा उद्धटपणा आहे. भरलेला आकडा तसाच ठेवून “यंत्रावर पुन्हा बघा, तीन आकडे असतील” असे विचारावे. वरचा आकडा खालच्या जागी गेला असेल तर अदलाबदल करून देऊ का असे विचारावे. ग्लुकोमीटरवर कधी आकड्याऐवजी “हाय” किंवा “लो” येते. यंत्राच्या मापनकक्षेबाहेर साखर गेली असा त्याचा अर्थ, आणि ते भरायला जागाच नसेल तर सर्वांत गंभीर नोंद आपल्याकडे पोहोचतच नाही. गोड खाऊन हात न धुता बोट टोचले तर आकडा खोटा वाढतो, म्हणून अनपेक्षित मोठ्या आकड्यावर आधी हात धुऊन पुन्हा मोजायला सांगावे.

लहान आकड्याला मात्र असा उशीर परवडत नाही. साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार लहान चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. ही सूचना इंटरनेट नसतानाही फोनवर उमटली पाहिजे आणि छापील कार्डावर असली पाहिजे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करायचा. बीपी १८०/१२० च्या वर आले तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आणि तरीही तसेच राहिले तर दवाखान्याला त्याच वेळी कळवायचे. पण सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे असेल तर दुसऱ्या मापनाची वाट न पाहता लगेच १०८ ला फोन करायचा. राहून गेलेल्या गोळीबद्दल यंत्रणेने स्वतःच्या अकलेने “आता दोन घ्या” असे कधीही सुचवू नये.

या सूचना दवाखान्याच्या डॉक्टरांनी सहीनिशी मंजूर केलेल्या असाव्यात. निदानासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी वापरायचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येऊ शकते आणि त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. नुसती आठवण करणे आणि आकड्याचा अर्थ लावून सल्ला देणे यांतली रेषा ओलांडण्यापूर्वी जाणकाराला विचारावे.

नववी पायरी: चाचणी घरात, आणि तोंड बंद ठेवून

एका फेरीत पाच-सहा माणसे पुरतात, पण ती निवडलेली असावीत: मोतीबिंदू असलेला एक, हात थरथरणारा एक, कमी ऐकणारा एक, मराठी न वाचणारी एक, एकटी राहणारी एक. नाट्यगृहाजवळच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर भेटणारे उत्साही लोकच घेतले तर निकाल गोड येतो आणि खोटा असतो.

वेळ दुपारची निवडावी, दारातून ऊन पडद्यावर येते आणि पंखा पूर्ण वेगात असतो तेव्हाची. फोन त्यांचाच असावा, तडा गेलेल्या काचेसकट. काम सांगावे, “आत्ता बीपी मोजून डॉक्टरांना कळवा”, आणि गप्प बसावे. हे गप्प बसणे सर्वांत कठीण जाते. नात पुढे सरसावते, “आज्जे, ते हिरवं दाब की!”, आणि चाचणी तिथेच संपते, म्हणून नातीला दुसऱ्या सहकाऱ्यासोबत बाहेर बसवून तिची वेगळी चाचणी घ्यावी. आता समोर काय घडते ते पाहा: त्या पट्टा बांधतात, नळी वरच्या बाजूला येते, काढून पुन्हा बांधतात, आकडा येतो, तो वाचण्यासाठी चष्मा शोधायला उठतात, आणि परत येईपर्यंत यंत्राचा पडदा आपोआप विझलेला असतो. आपल्या ॲपला त्यांनी हातही लावलेला नाही, आणि टिपणवहीत सुधारणेच्या दोन मोठ्या जागा आलेल्या आहेत.

“कसे वाटले?” हा प्रश्न विचारून फार काही मिळत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला चहा देऊन “छान आहे” म्हणणे ही आपली रीत आहे. एक ते पाच गुणांच्या प्रश्नावल्याही इथे अवघडच जातात. त्यापेक्षा मदतीशिवाय काम पूर्ण झाले का, कुठे हात थांबला, कुठे मागे जावे लागले, आणि आठ दिवसांनी पुन्हा गेल्यावर न शिकवता तेच काम जमले का, एवढे नोंदवावे. यांतला शेवटचा निकष मी सर्वांत वर ठेवतो. दोष सापडला की तो दुरुस्त करून मगच पुढची फेरी घ्यावी. तोच दोष आणखी दहा घरांत मोजत बसण्यात अर्थ नाही.

दहावी पायरी: सुरू केल्यानंतरचे महिने

पहिली नोंद दवाखान्यात, रुग्णाच्या हातून करून घ्यावी आणि मग यंत्र घरी द्यावे. पहिल्या आठवड्यात एक माणूस फोन करून विचारपूस करील आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत असलेला क्रमांक लावला तर दवाखान्यातलेच कुणीतरी उचलील, अशी सोय पैसे मोजून ठेवावी. ती परवडत नसेल तर ज्येष्ठांसाठी सेवा सुरू करण्याची घाई नको. इतर अडीअडचणींसाठी देशभर चालणारी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ ही आहे, तीही कार्डावर द्यावी.

सोलापूरचा उन्हाळा हिशेबात धरावा. शुगरच्या पट्ट्या साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवाव्या लागतात आणि मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या पट्ट्या चुकीचे आकडे देऊ लागतात. मार्चअखेरीस पट्ट्या आणि इन्सुलिन कुठे ठेवायचे याची आठवण स्वतंत्रपणे जावी, आणि फ्रीज नसलेल्या घरांसाठी इन्सुलिन माठाजवळच्या ओल्या मडक्यात कसे ठेवायचे हे डॉक्टरांकडून समजून घेऊन चित्रासह द्यावे.

सेवा थांबवण्याची वाटही सुरुवातीलाच बांधावी. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला तर त्याच्या नोंदी छापून त्याच्या हाती द्याव्यात. रुग्ण रुग्णालयात असेल किंवा वारला असेल, तर घरच्यांच्या एका फोनवर सगळ्या आठवणी लगेच बंद झाल्या पाहिजेत. त्यासाठी त्यांना अर्ज किंवा दाखला मागू नये.

अद्यतनांच्या बाबतीत मी कंजूषपणाचा सल्ला देईन. सुरक्षेच्या दुरुस्त्या मुकाट्याने कराव्यात, पण बटणाची जागा, रंग आणि शब्द यांना वर्षातून एकदाच हात लावावा, तोही आधी छापील चित्र घरी पोहोचवून. नवे रूप आले की तरुण वापरकर्ता दोन दिवस कुरकुरतो आणि सरावतो. ज्या माणसाने “खालचे डावीकडचे” असे पाठ करून काम शिकले आहे, त्याच्यासाठी ते बटण उजवीकडे नेणे म्हणजे सेवा बंद करणेच असते, आणि तसा फोन त्याच्याकडून येत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतरच्या पंधरवड्यात कुणाच्या नोंदी अचानक थांबल्या याची यादी काढून दवाखान्याने स्वतःहून त्या घरांना फोन करावा.